मुकादमिणीचा भांग

जवळ ये आधी. अशी लांबून, एका कानात ते गाण्याचं बोंडूक खुपसून वाचू नकोस. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, त्याला निवांत बसावं लागतं. परवा फोनवर म्हणालीस, "आजी, टाळूला आग होते, खाज सुटते, मधोमध बोराएवढी जागा मोकळी झालीये, तर ते कांद्याचं तेल करून पाठव ना." मी तेव्हा गप्प बसले, कारण बोलले असते तर रागानं बोलले असते. आता लिहिते. शिकलेली पोर तू, पुण्यात बसून कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांची कामं करतेस, आणि स्वतःच्या डोक्याला आग लागली तर मोबाइलात कुणीतरी नाचत सांगितलेला कांद्याचा रस चोळतेस. कांदा आम्ही साठवणीच्या चाळीत ठेवतो, बाई. टाळूवर नाही. तेल मी पाठवणार नाही. त्याच्याऐवजी तुला एक बाई सांगते. लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा तू तिला पाहिलंयस, पण तेव्हा तुझं लक्ष तिच्या कोकरांवर असायचं. आम्ही सगळे तिला मुकादमीण म्हणायचो.

डोक्यावर कांद्यानं शिगोशीग भरलेली पाटी आणि दोन्ही हात मोकळे, अशी ती चालायची. बाकीच्या बायका एक हात वर धरायच्या. हिचे हात बोलायला लागायचे. बांधावरून जाताना इकडे कुणाला वाफा दाखव, तिकडे कुणाला दटाव, मधेच कमरेची चंची काढून तंबाखू मळ, आणि वरची पाटी जणू तिथंच उगवलेली. एकदा पायात बाभळीचा काटा गेला. पाठ ताठ ठेवून ती सरळ खाली बसली, काटा उपसला, उठली आणि चालायला लागली. ट्रॅक्टरवाला तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला म्हणाली, "काय बगता पावणं? तुमच्या टायरात काटा गेला की तुमी तर गावभर बोंबलत फिरता."

निमगाव सावाच्या पलीकडे माळावर धनगरांची चार घरं आहेत, त्यातलं तिचं एक. नवरा मुलखाचा अबोल. त्यानं थोडी मेंढरं घरापाशी ठेवली होती, आणि दीर अजून मोठा कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरतो. ती पण लग्न झाल्यावर काही वर्षं कळपामागं फिरली. मग मुलगा झाला, किरण, तेव्हा म्हणाली की याला मेंढरामागं नाही न्यायचा, शाळेत घालायचा, आणि ती माळावर राहिली. आसपासच्या बायका गोळा करून कांदा काढणीची टोळी तिनं उभी केली. आमच्या शेतात तिची टोळी पहिल्यांदा आली तेव्हा तुझा धाकटा मामा चड्डीत होता. मी तुझ्या मामाच्या पाटीवर त्याच्याशेजारी बसून अक्षरं गिरवायचे, तर ही दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, तुमी शिकून तलाठी झालात की माझ्या नावानं येक डोंगर लिवून द्या." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलं.

टोळी घेऊन ती शेतात शिरली की मालकालासुद्धा जरा सावरून बसावं लागायचं. तुझे आजोबा चहाच्या बाबतीत जरा हात आखडायचे. पहिल्याच दिवशी तिनं कप वर धरून उजेडात पाहिला आणि मला विचारलं, "वैनी, भाऊंची म्हस रजेवर गेली का? चहात कुटं दिसंना." दुसऱ्या दिवसापासून दूध दिसायला लागलं. पण काम चोख. रांगेत सगळ्यात पुढं ती स्वतः, आणि सगळ्यात जड पाटी तिची. नव्या सुनेला किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ती मागं ठेवायची आणि तिची पाटी निम्मीच भरायची. मालक कुरकुरला तर त्याच्याकडं न बघता म्हणायची, "बाकीचं निम्मं माझ्यात घातलंय, मोजून घ्या."

आता चुंबळीचं सांगते, कारण सगळं दुखणं तिथंच लपलं. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून तिचं कडं करायचं, ते डोक्यावर ठेवायचं आणि त्याच्यावर पाटी. मुकादमीण दुसऱ्याची चुंबळ कधी घ्यायची नाही आणि स्वतःची द्यायची नाही. पण टोळीत नवी बाई आली की तिची पहिली चुंबळ हीच वळून द्यायची. तिला समोर बसवायची, टाळू चाचपायची, "तुजं डोस्कं टोकदार हाय ग, तुला चुंबळीचं पोट मोटं ठिवाया पायजे" असं म्हणत कापड पिळायची. ती चुंबळ डोक्यावर बसली की बाई टोळीतली झाली. असा तिचा कायदा.

वर्षानुवर्षं ओझी वाहिलेल्या बायकांच्या टाळूवर केस विरळ होतात. आमच्याकडं त्याचं कुणाला नवल नाही. न्हाताना बायका एकमेकींना ती जागा दाखवून हसायच्या. मुकादमीण तर मिरवायची. "ह्यो माझा शिक्का हाय," म्हणायची. "सरकारी कागदावर नसतो का, तसा." त्यामुळं तिच्या टाळूवर गोल जागा मोकळी झाली तेव्हा ती कुणाच्या नजरेत आली नाही, तिच्यासुद्धा नाही. मुकादमिणीनं सगळ्यांपेक्षा जास्त ओझं वाहिलं, मग तिचा शिक्का सगळ्यांत मोठा असणारच, असा हिशेब. तिथं आग व्हायला लागली तर तिनं चुंबळीचं कापड बदललं. सुती घेतलं, मऊ घेतलं, मग चुंबळ ताकात भिजवून ठेवायला लागली. खाज सुटली की पाटी खाली ठेवल्यावर दोन्ही हातांनी खराखरा खाजवायची आणि म्हणायची, "देवानं आमच्याकडची रीत बघितली वाटतं. मेंढरं कातरायची ती कातरली, आता मलाबी कातरतोय." आम्ही हसायचो. ते हसणं आठवलं की आता तोंड कडू होतं.

आणि वरून पदर. आजकाल आमच्याकडच्या बायकासुद्धा गाऊनवर टॉवेल टाकून शेतात येतात. हिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नाही. सगळ्या गावात त्याचं कौतुक. कुणाची सून जरा मोकळी वागली की तिला मुकादमिणीचा दाखला द्यायचे, बघ, कष्टाची बाई, उन्हातान्हात राबते, पण पदर बघ कसा. त्या पदराखाली काय चाललंय हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पदर आधी रीतीनं होता, नंतर लपवायला होता, आणि बघणाऱ्याला दोन्हीत फरक दिसत नव्हता.

तो ढळला आमच्याच चाळीपाशी. चाळीच्या तोंडाशी एक बांबू पुढं आलेला होता. ती पाटी रिकामी करून वळली आणि पदर त्यात अडकला, चुंबळीसकट ओढला गेला. सगळी टोळी तिथंच होती. टाळूवर तळहाताएवढी जागा, गुळगुळीत, मेण चोपडल्यासारखी चकचकणारी, आणि तिच्या कडेनं लालभडक. जिथं केस उरले होते तिथं प्रत्येक केसाच्या बुडाशी पांढरी साल धरलेली. मग मागून हळूच आवाज आला, "चाई न्हाई ही. खवडा हाय. येकीचा दुसरीला लागंल." मुकादमिणीनं पदर सोडवला, नीट घेतला आणि रिकामी पाटी उचलून वाफ्याकडं गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी खायला बसताना टोळीचं कोंडाळं नेहमीसारखं झालं, फक्त ती जिथं बसली त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सुटली. पाण्याचा तांब्या तिच्यापर्यंत आला नाही. ज्या बायकांच्या डोक्याला हात लावून तिनं चुंबळी वळल्या होत्या, त्याच बायका.

मी तिला नारायणगावला नेलं. तिथं एक कातडीची डॉक्टरीण बसते, वयानं तुझ्याएवढीच असेल. एसटीत मुकादमीण खिडकीशी बसली आणि सारखा पदर पुढं ओढत राहिली. दवाखान्यात पदर काढायला सांगितला तर आधी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरिणीनं दिवा लावलेली भिंगाची डबी टाळूवर टेकवून बराच वेळ पाहिलं, मग भूल देऊन मुगाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या फेरीला आम्हाला समोर बसवून तिनं सांगितलं. इंग्रजीतलं लांबलचक नाव होतं, ते मला पाठ नाही. पण बाकीचं पाठ आहे, आणि ते तुझ्यासाठी इथं लिहिते, डोळे उघडे ठेवून वाच. ती म्हणाली, "मावशी, हे चुंबळीनं झालेलं नाही आणि हे कुणाला लागत नाही. कातडीच्या आत केसांच्या मुळाशी दाह चाललाय. आपलंच रक्त आपल्याच मुळांवर उठलंय. मूळ जळलं की त्या जागी वण धरतो आणि केसाचं छिद्र बुजतं."

"म्हंजी गेल्याली येनार का न्हाई, तेवढं सांगा," मुकादमीण म्हणाली.

डॉक्टरीण म्हणाली, "नाही येणार. खोटं सांगत नाही. पण पुढचे सगळे अजून जिवंत आहेत. गोळ्या, कडेनं बारीक सुईची इंजेक्शनं आणि लावायचं औषध, एवढं धरून राहिलात तर ते वाचतील. फक्त मधेच सोडायचं नाही. बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

मुकादमिणीनं मान हलवली. "जळाल्याल्या गंजीवर पानी मारून काय फायदा न्हाई. शेजारची गंज वाचवायची. आसंच ना?" डॉक्टरीण म्हणाली, अगदी असंच. परत येताना एसटीत ती पहिल्यांदा हसली. कपाळावरून मागं दोन बोटं फिरवली आणि म्हणाली, "वैनी, भांग हाय अजून. किरनच्या हळदीला एवढा भांग पुरंल."

किरणचं तेव्हा ठरत आलं होतं, घोडेगावकडची मुलगी. त्यांच्यात हळदीच्या दिवशी नवरदेवाशेजारी वरमायला पाटावर बसवतात आणि भाऊकीतल्या सवाष्णी तिच्या भांगात तेल घालतात. पदर मागं सारून, चारचौघांत. ज्या पोरासाठी तिनं कळप सोडला, त्याच्या हळदीत त्या पाटावर बसायचं, एवढंच तिला हवं होतं. दागिना नको होता, साडीसुद्धा मीच बळंच दिली. पाट हवा होता.

तिनं औषध धरलं. डोळे तपासून आली, कारण त्या गोळ्या चालू असताना डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. इंजेक्शनं डोक्यात घेताना म्हणे डॉक्टरिणीला सांगायची, "टोचा टोचा, बाभळीपरीस बरं हाय." आग शमली. खाज गेली. कडेचा लालपणा उतरला. पुढचा भांग होता तिथंच राहिला, एक रेघ मागं सरकला नाही. आणि पोरी, इथंच माणसं फसतात. औषध लागू पडलं होतं, पण दिसायला काही दिसत नव्हतं. टाळू होती तशी चकचकीत. जे वाचलं ते आधीपासून तिथंच होतं, त्याचं कौतुक कुणाला? घरात रोज एकच, केस कुठं आलेत? किरण शहाणासुरता पोर, कंपनीत जातो, तोसुद्धा म्हणाला, "आई, इतक्या गोळ्या खाल्ल्यास, टक्कल हाय तेवढंच हाय. डॉक्टर बनवत्यात तुला."

लग्नाची तारीख जवळ आली तशी तिची बेल्ह्याची नणंद येऊन बसली. बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या कडेला झाडाखाली एक लेपवाला बसतो. जनावराची खरूज, बैलाच्या खांद्याचं सुजणं, माणसाची चाई, सगळ्याला त्याच्याकडं लेप. आणि नणंदेकडं पुरावा होता. मागल्या साली त्यांच्या एडक्याच्या पाठीवरची लोकर गोल गोल झडली होती, ह्याच लेपानं परत आली. मी तिथंच बसले होते. नणंद म्हणाली, "आपल्या एडक्याला लोकर आली का न्हाई? डोळ्यांनी बगितली का न्हाई? मंग? जनावराला येती ती मानसाला का येनार न्हाई?"

आता तू हसशील. पण ज्यांचा जन्म मेंढरांत गेला त्यांना हे पटतं, का पटू नये? कातरलेली लोकर परत येते, झडलेली येते, हे ती लहानपणापासून बघत आलेली. एडक्याचं वरच्या कातडीचं दुखणं, मुळं शाबूत होती, लेप न लावताही लोकर आलीच असती. हे मला आता कळतं, डॉक्टरिणीला विचारल्यावर. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले की, मुकादमिणी, डॉक्टरीण काय म्हणाली ते आठव, गंजीचं आठव. नणंद फणकारली, "वैनी, लगीन आमच्या घरात हाय, तुमच्या न्हाई. नवरा जिता आसताना वरमाय बोडकी बसवू का मी पाटावर?" तो शब्द ऐकून मुकादमिणीचा नवरा उठून मेंढरांकडं निघून गेला. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस, बोलायचा दिवस आला तेव्हाही गप्पच राहिला.

मुकादमीण मला बांधापर्यंत सोडायला आली. मला म्हणाली, "मला गंजीचं कळतंय वैनी. मी काय येडी न्हाई. पन डॉक्टरीण म्हनती हाय तेवढं राहील, आन् ह्यो लेपवाला म्हनतो समदं यील. एकदा समदं यील आसं ऐकलं का मग हाय तेवढ्यावर जीव बसत न्हाई." लेपवाल्यानं सांगितलं होतं, दोन औषधं एकमेकांशी भांडतात, गोळ्या बंद करा. तिनं बंद केल्या.

लेपात गुंज होती आणि बिबा होता. बिबा अंगावर कसा उततो, फोड आणतो हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. तरी तो टाळूवर चोळला, आणि टाळूवर काही उगवेना म्हणून पुढं भांगातही चोळला, तिथंही दाट येऊ दे म्हणून. फोड आले. फोड म्हणजे गुण येतोय, असं नणंद म्हणाली. गोळ्या बंद झाल्यानं आतली आग पुन्हा पेटली होती, वरून बिब्यानं जाळलं. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. मी गेले तेव्हा ती दारात बसली होती, पदर नेहमीपेक्षा पुढं, कपाळ झाकून भुवईपर्यंत. मी पदराला हात लावला, तिनं माझा हात धरून ठेवला. भांग गेला होता.

हळदीच्या दिवशी मी लवकर गेले. हळद आणि लग्न एकाच मांडवात होतं, त्यामुळं नवरीकडची माणसंही आदल्या दिवशीच येऊन उतरली होती. मुकादमीण मी दिलेली साडी नेसून आतल्या खोलीत बसली होती. हातात बांगड्या, कपाळाला कुंकू, पायात जोडवी, सगळी तयारी. पाट मांडला. किरण आत आला, दारातच उभा राहिला आणि खाली बघून म्हणाला, "आई, तू नको बसूस. काकी बसंल. पावन्यांसमोर उगं चर्चा." तिनं विचारलं, "मी पदर न सारता बसले तर?" तो म्हणाला, "तेल घालायला पदर सारावाच लागतो की." एवढं बोलून गेला. आवाज चढवला नाही, वाईट बोलला नाही. घरातलं एखादं सामान जरा आत सरकवावं तसं त्यानं आईला सरकवलं.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. तिच्या जावेच्या भांगात तेल पडलं. बाहेर सांगितलं, वरमायला ताप आहे. आतल्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी रडत होते, ती रडत नव्हती. भिंतीला टेकून एकेक गाणं ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "जाऊबाईचा गळा बसलाय. कढत पानी द्या म्हनावं तिला."

लग्नानंतर घोडेगावच्या विहीणबाई एकदा माझ्याकडं आल्या होत्या. बोलता बोलता विचारलं, मुकादमिणीला त्या दिवशी ताप होता की दुसरं काही? मी खरं ते सांगितलं. मला वाटलं आता सगळं उघड झालं तर झालं. त्या बाई कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "अहो, माझ्या सख्ख्या बहिणीला हेच आहे. आम्ही तिला नेतो की डॉक्टरकडं. तिच्या पोराच्या लग्नात तीच बसली पाटावर, कपाळाला तेल लावलं तिच्या. कुणी विचारलं तर सांगतो, आजार आहे. एक शब्द आमच्या कानावर घातला असता तर." त्या पुढंही बोलत होत्या, पण मला ऐकवेना. ज्यांच्यासाठी झाकलं, त्यांना काहीच वाटणार नव्हतं. किरणला हे मीच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "आता काय उपेग काकू." खरंच होतं. पण त्याच्या तोंडून ते खरं मला सोसलं नाही.

ती नारायणगावला एकदा परत आली, मीच ओढून नेली. डॉक्टरिणीनं पाहिलं, हातातलं भिंग खाली ठेवलं, रागावली नाही. म्हणाली, आग अजून कडेनं आहे, कानामागचे आणि मानेवरचे वाचवू. मुकादमीण म्हणाली, "मानंवरचं वाचवून काय करू, बाई? मानंला कोन तेल घालतं?" तरी गोळ्या घेतल्या, आग शमेपर्यंत तेवढ्या. डॉक्टरिणीचं मन मोडायला नको म्हणून घेतल्या, असं मला वाटतं.

टोळीत ती परत गेली नाही. मी बायकांना गाठून गाठून सांगितलं होतं की, हे लागत नाही, डॉक्टरच्याच तोंडून ऐकायचं असेल तर चला माझ्याबरोबर. त्या माना डोलावायच्या. "न्हाई वैनी, आमी कुटं काय म्हनतो." आणि तांब्या वेगळाच. आता टोळी फुटली, दोन झाल्या, दोन्हीकडं कुणी कुणाची चुंबळ वळून देत नाही. बऱ्याच ठिकाणी तर ट्रॉली थेट चाळीपर्यंत जाते.

पुढच्या दिवाळीनंतर तिचा दीर कळप घेऊन कोकणाकडं निघाला, तेव्हा ती त्याच्याबरोबर निघाली. इतकी वर्षं माळावर राहिलेली बाई, या वयात परत मेंढरांमागं. घोड्याच्या पाठीवर सामान बांधलं होतं, त्यावर एक आजारी कोकरू. मी रस्त्यापर्यंत गेले. म्हणाले, मुकादमिणी, सुनेचं बाळंतपण आलं, आता कशाला जातेस? तर म्हणाली, "सून चांगली हाय. तीच म्हनली ऱ्हावा. पन घरी रोज कोन ना कोन येतंय, आन् आलेला पैला हितंच बगतो." तिनं पदराकडं बोट केलं. "मेंढरू तसं बगत न्हाई. त्येला पाला दिला का झालं." मग मला हसवायचं म्हणून म्हणाली, "आन् कळपात मीच येकटी कातरल्याली न्हाई, वैनी. समद्याच हायेत." मला हसू आलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला, जणू जायचं मलाच होतं, आणि चालायला लागली. डोक्यावर काही नव्हतं, तरी मान तशीच ताठ, हात तसेच मोकळे. वळणापर्यंत मी बघत राहिले, तिनं मागं पाहिलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला कळप वर येतो तेव्हा ती येते. माळावरच मेंढरांच्या वाड्यापाशी राहते, गावात उतरत नाही. मी जाते तिच्याकडं, आता माझे गुडघे चढ घेत नाहीत तरी जाते. ती चहा करते, दूध भरपूर घालते. नातू झाला, त्याचं बारसं झालं, जावळ झालं. ती यातल्या कशालाच नव्हती. नातवाला सून वर घेऊन येते, तेव्हा त्याला मांडीवर घेते. पोरगं पदर ओढतं. ती ओढू देते. त्याच्यासमोर तेवढा ओढू देते.

तर पोरी, हे सगळं तुला भिववायला लिहिलं नाही. तुझी बोराएवढी जागा साधीही असेल, दोन महिन्यांत भरून येणारी असेल. मला काय कळतं, आणि त्या मोबाइलवालीलाही कळत नाही, हेच तर सांगते. पण जिथं आग होते, साल निघते, चकाकतं, तिथं उशीर चालत नाही. या आठवड्यात कातडीच्या डॉक्टरला दाखव. तो म्हणाला की गेलेले येणार नाहीत, तर रड, पण राहिलेल्यांसाठी औषध धर, आणि कुणी "केस कुठं आलेत" असं विचारलं तर त्याला माझ्याकडं पाठव.

आणि एक. गणपतीला आली नाहीस, दिवाळीला आली नाहीस. रजा नाही म्हणालीस. व्हिडिओवर बोलतानाही टोपी घालून बसतेस, घरात. मी म्हातारी झाले असेन, आंधळी झाले नाही. मुकादमीण अशीच एकेका घरातून कमी होत गेली, आणि आम्हाला वाटत राहिलं, कामात असेल. तू तसं करू नकोस. डोकं झाकून ये, उघडं ठेवून ये, केस असोत नसोत, तू ये. येत्या शनिवारीच नारायणगावपर्यंत एसटीनं ये, पुढं तुझा मामा गाडी घेऊन येईल. लवकर ये ग, वाट बघते.